नाव नसलेली रेखाचित्रे

१९४७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सारिनेन कुटुंबाच्या घरी एक तार आली. सेंट लुईस शहरात मिसिसिपी नदीच्या काठावर एक राष्ट्रीय स्मारक उभारायचे होते. त्यासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली होती, १७२ प्रवेशिका आल्या होत्या आणि त्यांतून पाच जण पुढच्या फेरीसाठी निवडले गेले होते. तार एलिएल सारिनेन यांच्या नावाने होती. चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन खंडांत नाव कमावलेले वास्तुविशारद. घरात शॅम्पेन उघडली गेली. दोन तासांनी फोन वाजला आणि कळले की तार पाठवताना नावाची गल्लत झाली होती. निवड त्यांच्या मुलाची, एरो सारिनेन यांची झाली होती. बापलेक एकत्र व्यवसाय करत, पण या स्पर्धेत दोघांनी आपापली वेगळी रेखाटने पाठवली होती. एलिएल यांनी दुसरी बाटली काढली आणि मुलाच्या नावाने पेला उंचावला.

पुढच्या फेरीत एरो यांचीच कल्पना पहिली आली. ६३० फूट उंचीची, स्टेनलेस स्टीलने मढवलेली एकच एक कमान. साखळी दोन टोकांना धरून सैल सोडली की तिला जो झोल पडतो, तो उलटा करून पाहावा, तसा काहीसा तिचा आकार. १९६५ च्या ऑक्टोबरात तिचा शेवटचा तुकडा बसला, तेव्हा वडील जाऊन पंधरा वर्षे झाली होती आणि मुलगा जाऊन चार. एरो एक्कावन्नाव्या वर्षीच गेले. आज सेंट लुईसचे चित्र त्या कमानीशिवाय कुणी काढत नाही.

मुलाचे यश बापाला इतके भावले, त्यामागे पंचवीस वर्षांपूर्वीची एक हार होती. १९२२ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने आपल्या कचेरीसाठी जगातील सर्वांत सुंदर इमारत हवी, अशी घोषणा करून स्पर्धा लावली. अडीचशेहून अधिक प्रवेशिका आल्या. जर्मनीतून वॉल्टर ग्रोपियस यांनी काचेचा, काटेकोर मनोरा पाठवला. व्हिएन्नाच्या अडॉल्फ लोस यांनी अख्खी इमारतच एका अजस्र ग्रीक स्तंभाच्या रूपात मांडली. पहिले बक्षीस न्यूयॉर्कच्या जॉन मीड हॉवेल्स आणि रेमंड हूड यांच्या गॉथिक वळणाच्या मनोऱ्याला मिळाले. दुसरे, वीस हजार डॉलरचे, हेलसिंकीजवळ राहणाऱ्या एलिएल सारिनेन यांना मिळाले. त्यांनी तोवर एकही गगनचुंबी इमारत बांधलेली नव्हती.

त्यांच्या चित्रातला मनोरा वर जाताना पायरीपायरीने आत सरकत होता, डोंगराच्या सोंडा चढत जाव्यात तसा. उंच इमारतीला वर चर्चचा कळस लावायची गरज नाही, तिची उंची तिच्या अंगातूनच उगवू शकते, हे त्या एका चित्राने दाखवले. ज्यांच्याकडे अमेरिकी गगनचुंबी इमारतीचे पितृत्व जाते त्या लुई सलिव्हन यांनी दुसऱ्याच वर्षी लेख लिहून हा दुसरा क्रमांक खरा पहिला असल्याचे सांगितले. ट्रिब्यूनचा मनोरा १९२५ मध्ये बांधून झाला, पण पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत जे मनोरे उठले त्यांतल्या कित्येकांनी मान झुकवली ती सारिनेन यांच्या न बांधलेल्या मनोऱ्यापुढे. ह्यूस्टन शहरातली १९२९ ची गल्फ बिल्डिंग तर उघडपणे त्याच वळणाची आहे. बक्षीस मिळाल्यावर सारिनेन कुटुंब १९२३ मध्ये अमेरिकेला गेले. एरो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. एक स्पर्धा हरल्याने एका घराचा देश बदलला, आणि पुढे दुसऱ्या एका शहराला त्याची कमान मिळाली.

वास्तुरचनेच्या स्पर्धांविषयी बोलताना बहुधा निकालापासून सुरुवात होते आणि निकालापाशीच गोष्ट संपते. कोण जिंकले, इमारत कशी झाली, खर्च किती आला. प्रस्तुत प्रस्तावनेचा रोख थोडा अलीकडे आहे. स्पर्धेसाठी बसलेला वास्तुविशारद टेबलावर नेमके काय करतो आणि ते केल्याने त्याच्या हातात काय उरते, इकडे.

एरवीच्या व्यवसायात वास्तुविशारदाच्या कागदावर त्याच्याआधी इतर अनेकांचे हात फिरलेले असतात. क्लायंटने दुसरीकडे पाहिलेला जिना, बिल्डरचे एफएसआयचे, म्हणजे चटईक्षेत्राचे, गणित, महापालिकेचे नियम, स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगितलेली बीमची खोली, स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवे असे सांगणारे सल्लागार. यातले काहीच टाकाऊ नसते. इमारत या सगळ्यांमधूनच उभी राहते. पण या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही इमारत मुळात कशासाठी? शाळा हवी म्हणून माणूस येतो आणि लगेच वर्गखोल्या मोजायला लागतो. दोन वर्गांमधला ओटा, जिथे मुले डबा खातील, त्याचा हिशेब कुणी मागत नाही, म्हणून तो कागदावर येत नाही.

स्पर्धेत समोर कुणी बसलेले नसते. असतो तो ब्रीफ, म्हणजे आयोजकांनी दिलेला मागणीचा कागद. जागेचा नकाशा, लागणाऱ्या दालनांची यादी, चौरस मीटरचे आकडे, शेवटची तारीख. तो कागद बोलत नाही, शंका फेडत नाही, हट्टही धरत नाही. मग प्रश्न वास्तुविशारदालाच विचारावे लागतात आणि उत्तरेही त्यालाच द्यावी लागतात. ज्यांनी स्पर्धांमध्ये खरोखर काही नवे दिले, त्यांच्या कामाकडे पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांनी ब्रीफ इतक्या बारकाईने वाचला की त्यातला प्रश्नच त्यांनी दुरुस्त करून मांडला.

अहमदाबादचे उदाहरण घ्यावे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरात गृहनिर्माण मंडळाने कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या घरांसाठी अखिल भारतीय स्पर्धा घेतली. मागणी होती लिफ्ट नसलेल्या, जिन्याने चढायच्या मजली इमारतींची. सरकारी वसाहत म्हटली की डोळ्यापुढे येतात तशा. मुंबईत व्यवसाय सुरू करून काहीच वर्षे झालेल्या, तिशीतल्या चार्ल्स कोरिया यांनी आधी आकडेमोड केली. दोन इमारतींमध्ये सोडावे लागणारे अंतर, जिन्यांची जागा, मधले रस्ते हे सगळे धरले तर एकरी जितकी कुटुंबे त्या मजली इमारतींत बसतात, तितकीच जमिनीवरच्या चिंचोळ्या घरांच्या रांगांतही बसतात, असे त्यांच्या लक्षात आले. मग प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे दार, स्वतःचे अंगण आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर का देऊ नये? त्यांनी इमारती काढल्याच नाहीत. घरे काढली. पहिले बक्षीस त्यांना मिळाले आणि १९६२ च्या सुमारास नमुन्याचे घर बांधलेही गेले. ‘ट्यूब हाउस’ या नावाने ते ओळखले जाते.

हे घर जेमतेम १२ फूट रुंद आणि ६० फूट लांब. प्लॅन पाहिला तर त्यात फारसे काही सापडत नाही, एखादी लांबट पेटी वाटते. सगळी करामत सेक्शनमध्ये, म्हणजे घर उभे चिरून पाहिल्यावर दिसणाऱ्या चित्रात आहे. छप्पर उतरते. घरातली हवा तापली की वर चढते, छपराच्या पोटाला लागून सरकत जाते आणि माथ्यावर ठेवलेल्या फटीतून बाहेर पडते. तिची जागा भरायला खालून, दाराच्या बाजूने, ताजी हवा आत ओढली जाते. दाराशी बसवलेल्या झडपांनी ती कमीजास्त करता येते. आत भिंती आणि दारे जवळजवळ नाहीतच, नाहीतर वारा अडला असता. म्हणजे अहमदाबादच्या उन्हाळ्यात विजेचा खर्च न परवडणाऱ्या माणसाला कोरिया यांनी घराच्या आकारातच पंखा बसवून दिला. ज्यांनी चौकाच्या वाड्यात दुपार काढली आहे, त्यांना यातले शहाणपण ओळखीचे वाटेल. नवे होते ते इतकेच की ते शहाणपण गरिबाच्या १२ फुटांत, एकाच रेषेत बसवून दाखवले गेले.

ते नमुन्याचे घर १९९५ मध्ये पाडले गेले. पण १९६१-६२ मध्ये त्या एका स्पर्धेसाठी जो विचार झाला, तो कोरिया यांच्या पुढच्या साऱ्या कामात वाहत राहिला. पेरूची राजधानी लिमा इथे १९६९ मध्ये कमी खर्चातल्या घरांसाठी निमंत्रितांची स्पर्धा झाली. तिथे जेम्स स्टर्लिंग, आल्डो व्हान आयक अशा मातब्बरांच्या पंगतीत कोरियाही होते, आणि तिथेही त्यांनी चिंचोळ्या घरांची ओळच मांडली. ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी जी वसाहत केली, तीही याच वाटेवरची. छोटे स्वतंत्र भूखंड, दोन घरांत सामाईक भिंत नाही, सात घरांमध्ये एक अंगण, आणि पैसे हाती येतील तसे वाढवता येईल असे घर. बेलापूरच्या त्या अंगणांत आज फिरताना अहमदाबादच्या स्पर्धेची आठवण कुणाला होणार नाही. पण मूळ तिथे आहे.

मुंबईला तर आपली सर्वांत देखणी सार्वजनिक इमारत स्पर्धेनेच मिळाली आहे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ च्या नोव्हेंबरात बसली आणि १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेतून जॉर्ज विटेट यांचा आराखडा निवडला गेला. विटेट स्कॉटलंडचे, वय एकतीसच्या आसपास. त्यांच्या आधीच्या पिढीने मुंबईत गॉथिक कळसांची रांग लावून ठेवली होती. तीच री ओढणे त्यांना सोपे होते. त्यांनी विजापूरच्या गोलघुमटाचा अभ्यास केला आणि घुमट तिथून घेतला. दगड मात्र घरचाच, कुर्ल्याचा काळसर बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर. मधल्या दालनात नाशिकच्या एका जुन्या वाड्यातले लाकडी कमानकाम बसवले. परदेशी माणसाने इथल्या मातीचे इतके ऐकावे, हे त्या काळात सहज घडणारे नव्हते. इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, महायुद्धात तिचे रुग्णालय झाले आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली. शाळेच्या सहलीत त्या घुमटाखाली मान वर करून उभे राहिलेल्या कित्येक मराठी मुलांना आपण एका स्पर्धेच्या निकालाखाली उभे आहोत हे ठाऊक नसते.

पॅरिसमध्ये १९७१ ला पाँपिदू या कला केंद्राच्या स्पर्धेत ६८१ प्रवेशिका आल्या. जिंकलेले रेन्झो पियानो तेव्हा ३३ वर्षांचे होते, रिचर्ड रॉजर्स त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, आणि सोबत जियानफ्रँको फ्रँकिनी. रॉजर्स यांना तर स्पर्धेत उतरायचेच नव्हते. या आराखड्याची चर्चा नेहमी बाहेर काढलेल्या रंगीत नळांवरून आणि सरकत्या जिन्यांवरून होते. त्याहून धाडसाचा निर्णय वेगळाच होता. दाट वस्तीतल्या त्या मोलाच्या जागेतली जवळजवळ अर्धी त्यांनी मोकळी सोडली, शहराला चौक म्हणून देऊन टाकली. ब्रीफने चौक मागितला नव्हता. आत न जाता नुसते त्या उतरत्या फरशीवर बसणारे, डोंबाऱ्यांचे खेळ बघणारे लोक पाहिले की ज्यूरीने कशाला मत दिले ते कळत असे. त्या ज्यूरीचे अध्यक्ष जाँ प्रूव्हे होते, लोखंडी पत्रा वाकवण्यापासून कारागिरी शिकलेला माणूस.

सिडनीच्या ऑपेरा हाउसची गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे, पण रचनेच्या अंगाने ती कमी सांगितली जाते. १९५६ च्या स्पर्धेत २३३ प्रवेशिका होत्या. डेन्मार्कचे यॉर्न उत्झॉन यांनी सिडनी पाहिलेही नव्हते. त्यांचे वडील जहाजांचे रचनाकार होते, त्यामुळे उत्झॉन यांना समुद्राचे नकाशे वाचता येत. त्यांनी सिडनी बंदराचे नाविक नकाशे मागवले आणि शहराचे चलत्‌चित्रण पाहिले. त्यातून त्यांना उमगले की ही जागा पाण्यात घुसलेले भूशिर आहे. लोक तिच्याकडे बोटींतून बघतील, शेजारच्या उंच पुलावरून बघतील. या इमारतीला मागची बाजू नाही, आणि तिचे छप्पर हाच तिचा चेहरा आहे. मग त्यांनी दोन सभागृहे शेजारी शेजारी ठेवली, त्यांच्या खाली मेक्सिकोतल्या माया मंदिरांच्या जोत्यासारखे एक प्रचंड जोते घातले आणि वर शिडांसारखी छपरे उभारली.

एरो सारिनेन या ज्यूरीवर होते. ते उशिरा पोहोचले आणि बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी उत्झॉन यांचे कागद वर काढले, अशी कथा सांगितली जाते. जाणकारांत तिच्याविषयी एकमत नाही. ज्यूरीने मात्र आपल्या अहवालात मोकळेपणाने नोंदवले की ही रेखाटने फार साधी, केवळ सूचक स्वरूपाची आहेत, तरी त्यांत जगातील थोर इमारतींपैकी एक होण्याची शक्यता आहे. २९ जानेवारी १९५७ रोजी निकाल लागला. उत्झॉन ३८ वर्षांचे होते.

त्या साधेपणाची किंमत पुढे मोजावी लागली. छपरे बांधायची कशी, हे स्पर्धेच्या कागदावर ठरलेले नव्हते. त्याचे उत्तर सापडायला १९६१ उजाडले: सगळ्या शिडांचे तुकडे एकाच कल्पित गोलाच्या पृष्ठभागातून कापायचे, म्हणजे साचे पुन्हा पुन्हा वापरता येतील. काम लांबत गेले, खर्च फुगला, सरकार बदलले, आणि १९६६ च्या फेब्रुवारीत उत्झॉन यांनी काम सोडले. सुरुवातीच्या अंदाजात सत्तर लाख डॉलर होते. १९७३ मध्ये दारे उघडली तेव्हा १० कोटी २० लाख झाले होते. उत्झॉन पूर्ण झालेले ऑपेरा हाउस बघायला कधीच गेले नाहीत. २००७ मध्ये ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली तेव्हा ते हयात होते, पुढच्याच वर्षी वारले. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या कुठल्याही पुस्तकात हा परिच्छेद वगळला जाऊ नये. कागदावरची झेप आणि जागेवरची वीट यांमध्ये वर्षे असतात, आणि ती वर्षे कुणालातरी जगावी लागतात.

तरीही अशी झेप घ्यायला स्पर्धेइतकी मोकळी जागा दुसरी नाही, कारण तिथे नाव झाकलेले असते. लंडनचे संसद भवन १८३४ मध्ये जळाल्यावर जी स्पर्धा झाली, तिच्यात ९७ प्रवेशिका नावाऐवजी चिन्ह लावून आल्या होत्या. वॉशिंग्टनमध्ये १९८१ साली व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या स्मारकासाठी १,४२१ प्रवेशिका आल्या, इतक्या की त्या विमानांच्या हँगरमध्ये मांडाव्या लागल्या. १०२६ क्रमांकाच्या प्रवेशिकेत पेस्टल रंगांची काही चित्रे होती आणि हाताने लिहिलेले एक पान. चित्रांत इमारत नव्हती, पुतळा नव्हता, झेंडा नव्हता. जमिनीला घातलेला एक छेद, त्यात काळ्या दगडाची भिंत आणि भिंतीवर ५७ हजारांहून अधिक नावे. क्रमांक उघडला तेव्हा कळले की ही येल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची माया लिन आहे. ती मित्रमैत्रिणींसोबत ती जागा पाहायला गेली होती आणि जमीन कापण्याची कल्पना तिला तिथेच सुचली होती. नाव आधी कळले असते, वय आधी कळले असते, तिचे आईवडील चीनमधून आलेले आहेत हे आधी कळले असते, तर काय झाले असते याचा अंदाज निकालानंतर उठलेल्या वादळावरून येतो. त्या वादळातूनही भिंत उभी राहिली. लोक येतात, आपल्या माणसाच्या नावावरून बोट फिरवतात, कागद ठेवून नाव उतरवून घेतात.

तिचे ते लिहिलेले पान प्रत्येक वास्तुकला महाविद्यालयात वाचायला हवे. स्पर्धेत वास्तुविशारद खोलीत हजर नसतो. “साहेब, मला असं म्हणायचं होतं” असे सांगायला वाव नसतो. ज्यूरीसमोर शेकडो शीट असतात आणि पहिल्या चाळणीत एका शीटच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेवढ्यात कल्पना पोहोचली पाहिजे. म्हणून अनुभवी माणसे स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात चित्रे वाढवत नाहीत, काढून टाकतात. दहा सुंदर कल्पनांमधली आपली कुठली, हे ठरवणे फार कठीण जाते. नऊ टाकून द्याव्या लागतात, आणि त्यांतल्या दोनतीन खरोखर चांगल्या असतात. ही सवय एकदा हाताला लागली की ती पुढे दोन खोल्यांच्या घराच्या कामातही उपयोगी पडते.

आता दुसरी बाजू. हेलसिंकीत गुगेनहाइम संग्रहालयासाठी २०१४ मध्ये स्पर्धा झाली आणि १,७१५ प्रवेशिका आल्या. एका प्रवेशिकेला फक्त शंभर तास धरले तरी एक लाख सत्तर हजारांहून अधिक तास होतात, आणि ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांना शंभर हा आकडा फार कमी वाटेल. यातला एक सोडून कुणालाही काम मिळणार नव्हते. शेवटी त्या एकालाही मिळाले नाही, कारण २०१६ च्या अखेरीस शहराच्या परिषदेने प्रकल्पच नाकारला. आपल्याकडेही असे घडले आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८६ मध्ये अमेरिकेच्या राल्फ लर्नर यांनी जिंकली, पण त्या आराखड्याचा मोठा भाग कागदावरच राहिला. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या विभागासाठी २०१४ मध्ये स्पर्धा झाली, स्टीव्हन हॉल यांनी मुंबईच्या ओपोलिस या संस्थेसह ती जिंकली. तो विभाग उभा राहिला नाही. आंध्र प्रदेशातल्या अमरावती या नियोजित राजधानीसाठी २०१६ मध्ये जपानच्या फुमिहिको माकी यांचा आराखडा पहिला आला, आणि नंतर काम लंडनच्या फॉस्टर यांच्या कार्यालयाकडे गेले. जिथे तरुणांचे, आणि मोठ्यांचेही, श्रम फुकट घेऊन शब्द असा सहज मोडला जातो, तिथे स्पर्धा हा अन्याय होतो. हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

त्यावरचा उपाय जुना आहे आणि तो दिल्लीतच मांडला गेला होता. युनेस्कोची सर्वसाधारण परिषद १९५६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात नवी दिल्लीत भरली होती. तिथे ५ डिसेंबरला वास्तुरचना आणि नगररचनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांविषयी शिफारस संमत झाली. नियम आधी जाहीर करा, नावे गुप्त ठेवा, निवाडा जाणत्यांच्या हाती द्या, जिंकणाऱ्याशी करार पाळा, अशी तिची दिशा. फिनलंडने हे नियम अंगी बाणवले आहेत. तिथे शाळा, चर्च, वाचनालये स्पर्धेतून होतात आणि बांधलीही जातात. ज्या हेलसिंकीने गुगेनहाइम नाकारले, त्याच शहराने संसदेसमोर ‘ओदी’ हे मध्यवर्ती वाचनालय ५४४ प्रवेशिकांतून निवडले आणि ५ डिसेंबर २०१८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, लोकांच्या हवाली केले. एलिएल सारिनेन यांनी १९०४ च्या स्पर्धेत जिंकलेले रेल्वे स्थानक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते आजही त्या शहराचे दार आहे.

आपल्याकडे सार्वजनिक इमारतीचे काम बहुधा निविदेतून जाते. मागच्या वर्षांची उलाढाल किती, अशा इमारती पूर्वी किती बांधल्या, आणि फी किती कमी घेणार, असे तीन रकाने. ज्याने अजून रुग्णालय बांधले नाही त्याला रुग्णालय मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून तो कधी बांधत नाही. हे कडे फोडायला स्पर्धेखेरीज दुसरी वाट तरुणांना दिसत नाही. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या वेळी ती उघडली गेली. जागतिक स्पर्धा झाली, पुण्यात स्थायिक झालेले ख्रिस्तोफर बेनिंजर ज्यूरीचे अध्यक्ष होते, आणि निवड झाली चेन्नईच्या ‘वीबी डिझाइन लॅब’ या तरुण संस्थेच्या योगेश चंद्रहासन यांची. इंडिया गेटच्या शेजारी इंडिया गेटशी उंचीची बरोबरी करायची नाही, हे त्यांनी ठरवले. एकात एक चार वर्तुळे, जमिनीच्या पातळीखाली उतरलेली, आणि त्यांतल्या त्यागचक्र या वर्तुळाच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर सुरुवातीला २५,९४२ नावे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी स्मारक खुले झाले. त्या भिंतींत अनेक मराठी आडनावे आहेत, आणि सातारा-कोल्हापूरकडून आलेली माणसे ती शोधत फिरताना दिसतात.

महाराष्ट्रातल्या वास्तुकला महाविद्यालयांत दरवर्षी ‘नासा’च्या, म्हणजे वास्तुकला विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, स्पर्धांचा मोसम येतो. स्टुडिओत रात्री दिवे चालू राहतात, फरशीवर बटर पेपरचे तुकडे पसरतात, माउंट बोर्ड कापताना कुणाचे तरी बोट कापते, चौथ्या वर्षातला दादा दुसऱ्या वर्षातल्या पोरांना “आधी सेक्शन काढ, मग बोल” म्हणून ओरडतो. घरच्यांना वाटते, परीक्षेचा अभ्यास सोडून हे काय चालले आहे. त्या रात्रींत ही मुले पहिल्यांदा एखाद्या अनोळखी गावाचा पाऊस मोजतात, वाऱ्याची दिशा काढतात, बाजारात बसणाऱ्या बायका सावलीसाठी कुठे सरकतात ते टिपतात, आणि मागितलेल्या सभागृहाऐवजी तिथे एक लांब पडवी काढून बघतात. पहाटे शीट पूर्ण होते. सवयीने हात उजव्या कोपऱ्याकडे जातो, नाव लिहायला. मग कुणीतरी आठवण करून देते, आणि तिथे फक्त क्रमांक घातला जातो.